१,०१४ जणांत एक

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतल्या एंटरप्राइझ यानावर १,०१४ माणसं राहतात. आकडा मालिकेतल्याच एका भागात सांगितलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व असलेली माणसं जगात १३० कोटी आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्के; सहांत एक. तोच हिशोब यानाला लावला तर तिथे १६२ अपंग माणसं असायला हवीत. १९८७ ते १९९४ या काळातल्या १७८ भागांत, नेहमी दिसणाऱ्या पात्रांमध्ये असा एकच जण आहे : जन्मांध अभियंता जॉर्डी ला फोर्ज. डोळ्यांवर सोनेरी पट्टीसारखं यंत्र लावून तो पाहतो.

यावर एक उत्तर लगेच मिळतं. कथा चोविसाव्या शतकातली आहे, तोवर वैद्यकशास्त्र इतकं पुढे गेलेलं असेल की अपंगत्व उरणारच नाही. ऐकायला ठीक वाटतं. फक्त आजवरचे आकडे नेमके उलट्या दिशेने गेले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये दिलेला अंदाज १०० कोटींच्या थोडा वर होता, १५ टक्के. अकरा वर्षांत तो १३० कोटींवर गेला. यातला काही भाग मोजणी सुधारल्याचा आहे. बाकीचा भाग लोकसंख्या वाढल्याचा, माणसं जास्त जगू लागल्याचा आणि दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांचा आहे. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. व्हीलचेअरवर पुढची तीस-चाळीस वर्षं काढणारा माणूस हा त्यानंतरच्या वैद्यकाने घडवलेला आहे. १९४४मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी अशा जखमींसाठी विभाग उघडला, त्यांना जगवलं, खेळायला लावलं, आणि त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. वैद्यक सुधारलं की अपंगत्व घटतं असं नाही; पुष्कळदा मृत्यू घटतो आणि अपंगत्व वाढतं. भारतात २०११मध्ये साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी लोक होते. २०५०पर्यंत ते ३४.७ कोटी होतील असा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कृत्रिम अवयव अशा एखाद्या साधनाची गरज असलेले लोक आज जगात २५० कोटी आहेत. २०५०मध्ये ते ३५० कोटी असतील. म्हणजे भविष्याचं चित्र रंगवणाऱ्या वाङ्मयप्रकाराने भविष्याबद्दलची सगळ्यात सोपी बेरीजच चुकवली आहे.

मोजणीबद्दल एक खुलासा इथेच करायला हवा. भारताच्या २०११च्या जनगणनेत अपंग व्यक्ती २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्केच निघाल्या, महाराष्ट्रात २९.६ लाख. जगात १६ आणि आपल्याकडे दोन-सव्वादोन, हा फरक माणसांचा नसून प्रश्नांचा आहे. दारात उभं राहून ‘घरात कुणी अपंग आहे का?’ विचारलं की उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. ‘चालताना, ऐकताना, गोष्टी लक्षात ठेवताना कितपत अडचण येते?’ असं विचारलं की आकडा फुगतो. आपल्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. कोणाला मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि विज्ञानपटांत हा घोळ आणखी वाढतो.

अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ॲननबर्ग गट दरवर्षी सर्वाधिक कमाईच्या १०० चित्रपटांतली बोलणारी पात्रं मोजतो. २०१५मध्ये त्यांतली अपंग पात्रं २.४ टक्के होती, २०२२मध्ये १.९ टक्के. हे सगळ्या प्रकारच्या चित्रपटांचं झालं. विज्ञानपट मात्र या बाबतीत वरवर पाहता श्रीमंत दिसतो. धातूचे हात, यांत्रिक डोळे, श्वासयंत्राचा मुखवटा घातलेला खलनायक : अशी पात्रं इथे पायलीला पन्नास मिळतात. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९८०च्या चित्रपटात ल्यूक स्कायवॉकरचा हात तुटतो आणि चित्रपट संपायच्या आत त्याला नवा हात बसतो, वर कातडीही. डोकी मोजणाऱ्याच्या वहीत ल्यूक अपंग ठरेल. कथेत त्याला पुढे कुठेही दार उघडायला त्रास होत नाही, हात दुरुस्तीला द्यावा लागत नाही. तेव्हा विज्ञानकथेत डोकी मोजून फारसं हाती लागत नाही. पात्राचं शेवटी काय होतं, ते मोजावं लागतं.

त्यासाठी एक सोयीची पट्टी उपलब्ध आहे. केनी फ्राइस या अमेरिकन लेखकाने २०१७मध्ये तीन प्रश्न मांडले. कथेत एकाहून अधिक अपंग पात्रं आहेत का? धडधाकट पात्राला धडा शिकवण्यापलीकडे त्यांना स्वतःचं काही काम आहे का? आणि शेवटी पात्राला बरं करून किंवा मारून त्याचं अपंगत्व पुसून तर टाकलेलं नाही ना? यातला तिसरा प्रश्न मी १९०४ ते २०१८ या काळातल्या १३ नावाजलेल्या कथा-चित्रपटांना लावून पाहिला. यादी माझ्या निवडीची आहे, तिच्यावरून कुणी टक्केवारी काढू नये. पण कल दिसायला ती पुरते. सहा ठिकाणी अपंगत्व सरळ पुसलेलं आहे. तीन ठिकाणी उत्तर डळमळतं. चार ठिकाणी अपंग माणूस अपंग राहून कथेच्या शेवटापर्यंत पोचतो.

पुसलेल्या सहांतली सगळ्यात जुनी कथा रॉबर्ट हाइनलाइनची, १९४२ची ‘वॉल्डो’. तिचा नायक स्नायूंच्या असाध्य दुबळेपणाने ग्रासलेला. जमिनीवर त्याला हात उचलणं जड जातं, म्हणून तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या घरात राहायला जातो, जिथे वजनच नाही. कामासाठी तो दूरवरून चालवता येणारे यांत्रिक हात तयार करतो. ही कल्पना इतकी चपखल होती की पुढे किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या खऱ्याखुऱ्या यांत्रिक हातांना इंग्रजीत ‘वॉल्डो’च म्हणू लागले. विज्ञानकथेने जगाला दिलेल्या साधनांच्या यादीत एका अपंग पात्राची गरज अशी कोरली गेली. आणि कथेचा शेवट? वॉल्डो बरा होतो, नर्तक आणि शल्यविशारद होतो, लोकांचा लाडका होतो. आजारी असताना तो तिरसट होता; स्नायू सुधारले तसा स्वभावही सुधारला. हाइनलाइनला परिसर बदलण्याची कल्पना सुचली होती, आणि वजनरहित घराहून मोठा बदल तो कोणता! पण त्याने स्वतःच ती गुंडाळून ठेवली.

बाकीचे पाच झटपट. ‘स्टार ट्रेक’च्या १९६६च्या भागांत खुर्चीत जखडलेला कॅप्टन पाइक दिव्याच्या एका उघडझापीने ‘हो’ आणि दोनने ‘नाही’ म्हणतो. त्याला अखेर सुदृढ देहाचा भास बहाल केला जातो. ‘गॅटाका’ (१९९७) मधला व्हीलचेअरवरचा जेरोम स्वतःला जाळून घेतो. एलिझाबेथ मून यांच्या ‘द स्पीड ऑफ डार्क’ या नेब्युला पारितोषिकप्राप्त कादंबरीतला स्वमग्न लू उपचार पत्करतो. ‘अवतार’मधला व्हीलचेअरवरचा जेक नव्या निळ्या देहात राहायला जातो. आणि ‘कोई... मिल गया’ (२००३) मधल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या रोहितला ‘जादू’ नावाचा परग्रहवासी हुशार करतो, ताकद देतो, चष्म्यातूनही सोडवतो. या चित्रपटाला सामाजिक विषयावरच्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. विषय सामाजिक आणि तोडगा परग्रहावरचा, हे तेव्हा कुणाला खटकलं नसावं. ‘आँख मिचोली’ या चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावर अपंगत्व कसं दाखवावं, त्यात अपंगांचा सहभाग का हवा, हे सांगितलं ते जुलै २०२४मध्ये.

डळमळणाऱ्या तीन कथा मला जास्त मोलाच्या वाटतात. डॅनियल कीजची ‘फ्लॉवर्स फॉर ॲल्जर्नन’ एप्रिल १९५९मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेने चार्लीचा बुद्ध्यांक ६८वरून १८५वर जातो आणि मग ओसरतो. एका संपादकाने आधी ही कथा गोड शेवट करून मागितली होती. कीजने नकार देऊन ती दुसऱ्या मासिकाला दिली, आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक मिळालं. ‘कोई... मिल गया’तही शक्ती ओसरते, पण तिथे जादू ती परत देतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हिंदी चित्रपटाने तोच गोड शेवट केला असं म्हणायला हरकत नाही. अर्थात कीजचा चार्लीही अडचणीचाच आहे : तो हुशार झाल्यावरच लेखक त्याला पुरता माणूस म्हणून बोलू देतो का, हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरी कथा एच. जी. वेल्सची, १९०४ची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’. अँडीज पर्वतातल्या तुटलेल्या खोऱ्यात चौदा पिढ्या सगळेच अंध आहेत. त्यांची घरं बिनखिडक्यांची, वाटा पायाला कळतील अशा, काम रात्रीच्या गारव्यात. डोळस न्यून्येझ तिथे जाऊन पोचतो आणि राज्य करायचं स्वप्न पाहतो. प्रत्यक्षात तोच अडाणी ठरतो. गावचा वैद्य निदान करतो की याच्या चेहऱ्यावरचे ते दोन वळवळते गोळे काढले की हा बरा होईल. ‘बरं करणं’ या कल्पनेची इतकी नेमकी खिल्ली नंतरच्या शंभर वर्षांत कुणी उडवलेली मला आठवत नाही. पण ३५ वर्षांनी, १९३९मध्ये, वेल्सने शेवट बदलला. डोळस न्यून्येझला डोंगराची फट दिसते, त्याचं कुणी ऐकत नाही, आणि कडा खोऱ्यावर कोसळतो. महायुद्धाच्या तोंडावर धोका न पाहणाऱ्या जगाबद्दल वेल्सला काहीतरी सांगायचं होतं. त्यासाठी अंधांचा बळी देणं त्याला सोपं गेलं.

तिसरा जॉर्डी. हे नाव आलं जॉर्ज ला फोर्ज या ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यावरून, त्याला स्नायूंचा क्षय होता आणि १९७५मध्ये तो वारला. मालिकेच्या पहिल्याच वर्षी जॉर्डीला एका जादुई शक्तीकडून दृष्टी देऊ केली जाते आणि तो ती नाकारतो. त्याचं यंत्र त्याला उजेडापलीकडचंही दाखवतं, आणि वेदनाही देतं; हा दुहेरी हिशोब मालिकेने पहिल्या भागापासून मांडला. १९९६च्या चित्रपटात पट्टी गेली, यांत्रिक डोळे आले. अभिनेता लेव्हार बर्टन डोळस, आणि ती पट्टी लावल्यावर खरी अडचण त्यालाच होत असे.

उरलेल्या चारांत जॉन व्हार्लीची १९७८ची ‘द पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन’ सगळ्यात धाडसी आहे, आणि तिच्यामागचा आकडा खरा आहे. १९६४-६५मध्ये अमेरिकेत रुबेलाची साथ आली, सव्वा कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे २०,००० बाळं जन्मजात दोष घेऊन आली. त्यांत ११,०००हून जास्त कर्णबधिर, ३,५०० अंध. व्हार्लीने विचारलं, यांतली जी मुलं बहिरीही आणि अंधही आहेत, ती मोठी होऊन स्वतःचं गाव वसवतील तर? त्या गावात वाटांना वेगवेगळा पोत आहे आणि वाटेत वस्तू टाकून जाणं हा मोठा गुन्हा आहे. ऐकू येणारा, दिसणारा निवेदक तिथे हळूहळू उपरा ठरतो. कथेतल्या काही गोष्टी आज खटकतात, पण परिसर बदलला की अपंग कोण हे बदलतं, ही मांडणी तिच्याइतकी क्वचित कुणी पुरी केली. तिला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाली. इतर तीन : ॲन मॅकॅफ्रेची देहाऐवजी अवकाशयान लाभलेली हेल्वा, लोइस मॅकमास्टर बुजोल्डचा ठिसूळ हाडांचा, जेमतेम पावणेपाच फुटी सेनानी माइल्स, आणि ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) मधली कर्णबधिर रेगन.

आता पैसे. १९७४ ते १९७८ या काळात गाजलेल्या मालिकेचं नावच मुळी ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’. जायबंदी अंतराळवीराला दोन पाय, एक हात आणि एक डोळा बसवायचा खर्च ६० लाख डॉलर. तो सरकारने केला, आणि मोबदल्यात त्याच्याकडून हेरगिरी करून घेतली. त्याच सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला रबराचा पाय अनवाणी चालायला, उकिडवं बसायला, शेतात उतरायला चालत होता. सेठींना त्यासाठी १९८१मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पाय काही हजार रुपयांत तयार होतो आणि जयपूरची संस्था तो फुकट बसवते. त्याच्यावर मात्र विज्ञानकथा निघाली नाही.

पैशाचा प्रश्न ‘अवतार’ने विचारला होता, हे त्याच्या टीकाकारांच्या लक्षात येत नाही. वर्ष २१५४. जेक जवळपास सहा वर्षं गाढ झोपून दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचतो, आणि तिथे उतरतो तो हाताने ढकलायच्या व्हीलचेअरवर. कणा दुरुस्त करण्याचं तंत्र त्या जगात आहे. माजी सैनिकाच्या भत्त्यात ते परवडत नाही, इतकंच. कर्नल त्याला हेरगिरीच्या बदल्यात पायांचं आमिष दाखवतो. हे काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालात साधनांची गरज असूनही ती न मिळणारे लोक जवळपास १०० कोटी आहेत, आणि काही गरीब देशांत गरजूंपैकी ३ टक्क्यांनाच ती मिळतात. २९० कोटी डॉलरहून अधिक कमावलेल्या या चित्रपटाने हा मुद्दा दोन-चार वाक्यांत उरकला आणि नायकाला नवा देह दिला.

जिन्याबद्दलही असंच. ‘गॅटाका’त जन्मतःच हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के आणि आयुर्मान ३०.२ वर्षं ठरवलं गेलेला व्हिन्सेंट यंत्रणेला फसवून अंतराळात जातो. त्याला आपली ओळख विकणारा जेरोम व्हीलचेअरवर असतो. त्याच्या घरातला जिना डीएनएच्या गोफासारखा वळणाचा, आणि एका प्रसंगी तो हातांवर सरपटत वर चढतो. जनुकं वाचणाऱ्या संस्कृतीला लिफ्ट सुचलेली नाही. दिग्दर्शकाने ते मुद्दाम केलं आहे, आणि म्हणून तो प्रसंग टोचतो. पण बहुतेक ठिकाणी जिने असेच, कुणी विचार न केल्यामुळे असतात. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका नोव्हेंबर १९६३मध्ये सुरू झाली. तिच्यातलं टार्डिस हे यान कुठल्याही काळात, कुठल्याही ग्रहावर जातं. त्याला रॅम्प आला नोव्हेंबर २०२३मध्ये, साठ वर्षांनी. त्या वेळी व्हीलचेअर वापरणारी अभिनेत्री रूथ मॅडली वैज्ञानिक सल्लागाराच्या भूमिकेत आली होती. त्याच महिन्यात निर्माता रसेल टी. डेव्हिस याने १९७५पासून यांत्रिक खुर्चीत दिसणारा खलनायक डाव्हरॉस पायांवर उभा दाखवला. खुर्ची म्हणजे दुष्टपणा ही सांगड त्याला मोडायची होती. चाहते रागावले. खलनायकाची खुर्ची काढणं हेही एका अर्थी अपंग पात्र पुसणंच आहे, हा त्यांच्यातल्या काहींचा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण खुर्चीतली शास्त्रज्ञ त्याच महिन्यात आल्याने हिशोब जमेत राहिला.

पात्र कोण साकारतं, यावर रूडरमन फाउंडेशनचा २०१६चा आकडा प्रसिद्ध आहे : अमेरिकी दूरचित्रवाणीच्या आघाडीच्या मालिकांतल्या ९५ टक्के अपंग भूमिका धडधाकट नटांकडे होत्या. उरलेल्या ५ टक्क्यांत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. १९८९मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’च्या एका भागात कर्णबधिर नट हॉवी सीगो मध्यस्थाची भूमिका करत होता. मूळ संहितेत ते पात्र शेवटी बोलायला शिकणार होतं. सीगोने हरकत घेतली, आणि पडद्यावर शेवट असा आला की भांडणारे दोन्ही पक्षच खुणांची भाषा शिकायला बसतात. ‘द मँडलोरियन’ या मालिकेतल्या टस्कन टोळ्यांची खुणांची भाषा कर्णबधिर नट ट्रॉय कॉट्सरने तयार केली, त्यालाच २०२२मध्ये ‘कोडा’साठी ऑस्कर मिळालं.

खऱ्या अंतराळसंस्था या बाबतीत विज्ञानकथेच्या मागे होत्या असंही म्हणता येत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासाने वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातले ११ पुरुष प्रयोगांसाठी निवडले. त्यांतल्या दहांना मेंदूज्वराच्या आजारात बहिरेपण आलं होतं आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. त्यामुळे त्यांना गाडी-बोट लागत नसे. फिरत्या खोलीत ते दिवसचे दिवस राहिले. खवळलेल्या समुद्रात बोटीवर संशोधकांना उलट्या होत असताना हे पत्ते खेळत होते. वजनरहित प्रवासासाठी त्यांचं शरीर अधिक लायक होतं. अंतराळात मात्र त्यांच्यातला कुणीही गेला नाही.

२०२१मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने भरती काढली तेव्हा पाय नसलेल्या, पायांच्या लांबीत फरक असलेल्या किंवा १३० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या व्यक्तींनाही अर्ज करू दिला. एकूण अर्ज २२,५००हून अधिक, त्यांत या गटाचे २५७. शेकडा एकच्या आसपास. निवड झाली जॉन मॅकफॉलची. एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा उजवा पाय गेला, २००८च्या बीजिंग पॅरालिंपिकमध्ये त्याने धावण्यात कांस्य मिळवलं, आणि नंतर तो अस्थिशल्यविशारद झाला. संस्थेने मग तपासल्या त्या गोष्टी साध्या होत्या : आणीबाणीत यानातून तो वेळेत बाहेर पडेल का, स्थानकावरची व्यायामाची यंत्रं त्याला वापरता येतील का, वजनरहित अवस्थेत पायाच्या थोट्याचा आकार बदलला तर कृत्रिम पाय नीट बसेल का. अडून बसावं असं तांत्रिक कारण त्यांना सापडलं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये दीर्घ मोहिमेसाठी त्याला वैद्यकीय मंजुरी मिळाली.